सही कोणाची, अधिकार कोणाचा?

केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यातल्या कारभाराच्या वाटणीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही सूची पाठ आहेत. पण औषधांचा कायदा केंद्राचा असताना औषध दुकानाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन कसे देते, हे एकाही सूचीत सापडत नाही.
— स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी, लातूर

सापडणार नाही, कारण सूची कायदा करण्याच्या अधिकाराच्या आहेत. कारभार कोणी करायचा हे अनुच्छेद ७३ आणि १६२ सांगतात, आणि अभ्यासात नेमके हेच दोन अनुच्छेद मागे पडतात. केंद्र सूचीतल्या विषयांचा कारभार केंद्राचा, राज्य सूचीतल्यांचा राज्याचा, इथवर सरळ आहे. समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, मात्र संसदेने कायदा केला तरी अंमलबजावणी आपोआप केंद्राकडे जात नाही. राज्यघटनेने किंवा त्या कायद्याने स्पष्ट शब्दांत केंद्राला अधिकार दिला असेल तेवढाच केंद्राचा. बाकी सगळा कारभार राज्याचा.

औषधे हा समवर्ती सूचीतला विषय. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयात आणि नव्या औषधांची मान्यता केंद्रीय यंत्रणेकडे राहिली, तर विक्रीचे आणि बहुतेक उत्पादनाचे परवाने राज्याच्या यंत्रणेकडे. म्हणून दुकानदार राज्याच्या कार्यालयात जातो आणि परदेशातून कच्चा माल आणणारा कारखानदार केंद्राच्या.

४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण, वजने-मापे आणि कनिष्ठ न्यायालयांची रचना हे पाच विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेले. म्हणजे या विषयांवर संसदेलाही कायदा करता येऊ लागला. पण शाळा राज्यच चालवते आणि वनरक्षकाची नेमणूकही राज्याचाच वनविभाग करतो. उत्तरपत्रिकेत ‘शिक्षण केंद्राकडे गेले’ असे लिहिणारे इथेच गुण घालवतात.

अनुच्छेद २५६ आणि २५७ सोबत वाचा. संसदेच्या कायद्यांचे पालन होईल असाच कारभार राज्याने करायचा, आणि केंद्राच्या कारभारात अडथळा आणायचा नाही. केंद्र त्यासाठी निर्देश देऊ शकते. राष्ट्रीय किंवा लष्करी महत्त्वाच्या दळणवळणाच्या साधनांबद्दल किंवा रेल्वेच्या संरक्षणाबद्दल असे निर्देश दिले, तर राज्याला पडलेला जादा खर्च केंद्राने द्यायचा. निर्देश पाळले नाहीत तर राष्ट्रपती राजवटीची वाट उघडणारा अनुच्छेद ३६५ आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालयीन तपासणीतून सुटत नाही.

राष्ट्रीय महामार्गात जमीन जाते आहे. नोटिशीवर आमच्या प्रांतांची (उपविभागीय अधिकाऱ्यांची) सही आहे. त्यांच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करायला गेलो तर ‘आम्हाला अधिकार नाही’ म्हणाले. हे कसे?
— एक शेतकरी, सांगली जिल्हा (सोलापूर आणि नांदेडहूनही असाच प्रश्न)

जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेले उत्तर बरोबर आहे. मात्र कुठे जायचे ते त्यांनी सांगायला हवे होते. तुमचे प्रांत एरवी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली काम करतात आणि त्या कामातल्या आदेशावर कलम २४७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील चालते. महामार्गाच्या कामात मात्र ते राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खालचे ‘सक्षम प्राधिकारी’ आहेत. ही नेमणूक कलम ३(ए) खाली (पुढे येणारे ३-ए हे वेगळे कलम) केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून करते. खुर्ची, शिपाई, शिक्का सगळे तेच. अधिकार मात्र दिल्लीचा.

राज्यघटनेत याची सोय अनुच्छेद २५८ मध्ये आहे. राज्य सरकारच्या संमतीने केंद्र आपले काम राज्याकडे किंवा त्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकते. आणि संसदेच्या कायद्यात तशी तरतूद असेल तर संमतीचीही गरज लागत नाही. उलट दिशेने, राज्याचे काम केंद्राकडे सोपवण्यासाठी १९५६ मध्ये अनुच्छेद २५८-ए घातला गेला. अनुच्छेद २५८ चा कस मुंबई राज्याच्या विभाजनाच्या वेळी लागला होता. १९५९ च्या अधिसूचनेने केंद्राचे भूसंपादनाचे काम तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या विभागीय आयुक्तांकडे सोपवले होते. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. मग बडोद्याच्या आयुक्तांना तो अधिकार उरला का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने बहुमताने ती अधिसूचना कायद्याच्या तोडीची, म्हणून पुढेही लागू असल्याचे ठरवले.

आता तुमच्या कामाचे. जमीन घेण्याचा इरादा सांगणारी कलम ३-ए ची अधिसूचना निघाली की कलम ३-सी खाली हरकतीला २१ दिवस मिळतात. हे दिवस गावात नोटीस मिळाल्यापासून मोजू नका, राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजा. हरकत लेखी, कारणांसह द्या आणि सुनावणी मागा. वकील देता येतो. इथे बहुतेक जण एकच चूक करतात: सगळी हरकत दराबद्दल लिहितात. ३-सी ची हरकत जमीन या कामासाठी वापरण्याबद्दल असते. आखणी विहिरीवरून जाते, शेताचे दोन तुकडे होऊन पलीकडे जायला वाट राहत नाही, अधिसूचनेतला गट नंबर किंवा क्षेत्र चुकले आहे, पाण्याचा निचरा अडतो, अशी कारणे इथे चालतात. दराची हरकत इथे फेटाळली जाते आणि खऱ्या हरकतीची मुदतही निघून जाते.

त्यानंतर ३-डी ची घोषणा. ती राजपत्रात आली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे मालकी केंद्राची होते, पैसे मिळाले असोत वा नसोत. ३-ए पासून एक वर्षात ३-डी निघाली नाही तर ३-ए रद्द होते. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ यात धरत नाहीत. तारखा स्वतः लिहून ठेवा.

दर ठरतो तो ३-जी च्या निवाड्यात. १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले मोबदल्याचे सूत्र महामार्गांनाही लागू आहे: बाजारभाव गुणिले ठरलेला गुणांक, त्यावर झाडे, विहीर, बांधकाम यांची किंमत, आणि या सगळ्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम. त्याशिवाय बाजारभावावर प्राथमिक अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी होईल तोवर, वर्षाला १२ टक्के. हा निवाडा मान्य नसेल तर ३-जी(५) खाली लवादाकडे जायचे. लवाद केंद्र सरकार नेमते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी जिल्हाधिकारी किंवा अपर आयुक्त हेच लवाद असतात. म्हणजे ज्या कार्यालयातून तुम्हाला परत पाठवले, तिथेच कदाचित पुन्हा जावे लागेल, पण अपील घेऊन नव्हे, लवादाचा अर्ज घेऊन. अर्जाच्या शीर्षकात महसूल संहितेचे कलम घातले तर तो तिथेच अडतो. लवादाच्या निवाड्यावर लवाद व समेट कायदा, १९९६ च्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात तीन महिन्यांत जावे लागते. उशिराचे सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त आणखी ३० दिवस.

एक गोष्ट आजच करा. संयुक्त मोजणीला मोजणीदार येतो त्या दिवशी झाडे मोजून, जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे पंचनाम्यात लिहून घ्या. सात-बारावर विहीर किंवा फळझाडांची नोंद नसेल तर निवाड्यातही ती धरली जात नाही आणि नंतर पुरावा उभा करणे फार अवघड जाते. भावाभावांत हिश्शाचा वाद असेल तर रक्कम ३-एच(४) खाली दिवाणी न्यायालयात जमा होऊन अडकते. तडजोड करायची असेल तर निवाड्याआधी करा.

माझी जीएसटी नोंदणी राज्याकडे आहे. तरी केंद्राच्या कार्यालयाचे समन्स आले. दोघांना उत्तरे द्यायची का?
— सूत व्यापारी, इचलकरंजी

आधी तुमचा ताबा कोणाकडे आहे ते पाहा. जीएसटी पोर्टलवर करदात्याचा शोध घेताना आपला क्रमांक टाकला की प्रशासकीय कार्यालय कोणते हे दिसते. ही वाटणी जीएसटी परिषदेने जानेवारी २०१७ मध्ये ठरवली: दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांपैकी ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे, त्यावरचे निम्मे-निम्मे. आपण कोणाकडे जावे हे करदात्याला निवडता येत नाही.

पण ही वाटणी रोजच्या कामाची आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ६ ने दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एकमेकांचे अधिकार दिलेले आहेत, त्यामुळे गुप्त माहितीवरून केंद्राचा अधिकारी राज्याच्या करदात्याची चौकशी करू शकतो. अडवणूक आहे ती कलम ६(२)(बी) ची: एकाने ज्या विषयावर कार्यवाही सुरू केली, त्याच विषयावर दुसऱ्याला कार्यवाही सुरू करता येत नाही. समन्स म्हणजे अशी कार्यवाही नव्हे, कारणे दाखवा नोटीस निघाली की ती सुरू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणून समन्सला हजर राहा, त्याकडे दुर्लक्ष करू नका. राज्याकडे याच कालावधीबद्दल, याच पुरवठादाराच्या बिलांबद्दल काम चालू असेल तर तसे लेखी कळवा आणि राज्याच्या नोटिशीची प्रत जोडा. तोंडी सांगून भागत नाही. ‘विषय एकच’ हे दाखवण्यासाठी दोन्ही पत्रांतले आर्थिक वर्ष, रक्कम आणि आरोप समोरासमोर मांडा. वर्ष एक पण आरोप वेगळा असेल तर दोन्ही चालू शकतात.

सीबीआयला महाराष्ट्रात यायला राज्याची परवानगी लागते का?
— निवृत्त शिक्षक, ठाणे

लागते. पोलीस हा राज्य सूचीतला विषय आहे आणि सीबीआय ज्या १९४६ च्या कायद्याखाली चालते, त्याच्या कलम ६ मध्ये राज्याची संमती आवश्यक आहे. बहुतेक वेळा राज्ये सरसकट संमती देऊन ठेवतात. महाराष्ट्राने ती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा दिली. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने तपास सोपवला तर मात्र संमतीचा प्रश्न येत नाही; २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात घटनापीठाने हे ठरवले.

घटनेने ग्रामपंचायतीला २९ विषय दिले म्हणतात. मग वित्त आयोगाच्या पैशातून आम्हाला साधे दिवे का लावता येत नाहीत? सगळे वरूनच ठरणार असेल तर ग्रामसभा कशाला?
— ग्रामपंचायत सदस्य, माण तालुका

आधी एक गैरसमज दूर करू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, हे खरे. पण अनुच्छेद २४३-जी ने ते विषय पंचायतींना थेट दिलेले नाहीत. राज्य विधिमंडळ ते कायद्याने देऊ शकते, एवढेच म्हटले आहे. देण्याचे बंधन नाही. ग्रामपंचायतीला जे मिळाले ते महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधून, आणि जिल्हा परिषदेला जे मिळाले ते १९६१ च्या अधिनियमातून. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्याकडे शाळा, आरोग्य केंद्रे, पाझर तलाव, रस्ते असा खरा कारभार होता. पुढे योजना राज्य आणि केंद्राकडून बांधूनच येऊ लागल्या, माणसे राज्याच्या खात्यांत परत गेली. विषय गेला, त्यासोबत माणूस आणि पैसा गेला नाही, तर त्याला अधिकार देणे म्हणता येत नाही, हे आमचे ठाम मत आहे. तुमच्या ग्रामसेवकाचेच पाहा (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी): काम ग्रामपंचायतीचे, पण नेमणूक, बदली आणि शिस्त जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हातात.

आता दिव्यांबद्दल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांचा निधी दोन भागांत दिला: ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. समजा वर्षाला १० लाख आले. त्यातले ३ लाख पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पुनर्वापरासाठी. ३ लाख स्वच्छता, सांडपाणी, घनकचरा आणि हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी. उरलेले ४ लाख गावाच्या गरजेप्रमाणे. दिवे या ४ लाखांतून लावता येतात. पगार आणि आस्थापना खर्च मात्र त्यातूनही नाही. बंधित खात्यातून दिव्यांचे देयक टाकले की लेखापरीक्षणात ती रक्कम वसुलीला येते, आणि वसुली सही करणाऱ्या सरपंच व ग्रामसेवकावर बसते.

एक सूट फारशी कोणाला माहीत नाही. पाणी किंवा स्वच्छता यांपैकी एका बाबतीत गावाची गरज पूर्ण भागली असेल, तर तो पैसा दुसऱ्या बाबतीत वापरता येतो. त्यासाठी गरज भागल्याचा ठराव ग्रामसभेत व्हायला हवा. ग्रामसभा कशाला, असे तुम्ही विचारलेत. तिच्या ठरावाशिवाय इथे एक पैसाही हलत नाही.

पैसा अडकतो तो बहुधा पुढच्या ठिकाणी. काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराज प्रणाली देयकच स्वीकारत नाही. आराखडा मंजूर आहे पण कामाचे नाव घालताना बंधित ऐवजी अबंधित निवडले, तर शेवटच्या टप्प्यावर ते कळते. सरपंच बदलला की नव्या सरपंचाची डिजिटल सही नोंदवून, मंजूर होऊन यावी लागते. दोन सह्यांपैकी एक नसली तरी पैसे निघत नाहीत. निवडणुकीचा निकाल लागताच हे काम हाती घ्या, मार्चची वाट पाहू नका.

आणखी एक अट मोठी आहे: निवडून आलेली समिती नसेल तर हा निधी मिळत नाही. मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. महाराष्ट्रात या निधीची वाटणी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी आहे. त्यातल्या वरच्या दोन हिश्शांना या अटीचा फटका बसला. निवडणूक लांबवण्याची किंमत गावाच्या पाण्याने मोजावी, हे कोणत्याही अंगाने योग्य नाही.

स्वतःच्या पैशाकडेही पाहा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खालची घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर ही रक्कम कोणाच्या अटीने बांधलेली नाही. गावात कारखाना असेल तर कलम १२५ खाली करांऐवजी ठोक रकमेचा करार करता येतो. तो करार कधी झाला आणि रक्कम शेवटची कधी वाढली, हे मासिक सभेत विचारा. अनेक ठिकाणी तो जुन्या आकड्यावरच पुढे चालू असतो.

आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. बांबू तोडला तर वाहतूक परवाना कोणी द्यायचा? आणि अंगणवाडीसाठी वनजमीन लागली तर दिल्लीपर्यंत जावे लागते का?
— ग्रामसभा सदस्य, कोरची परिसर

परवाना ग्रामसभेने द्यायचा. वन हक्क नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीने हे अगदी स्पष्ट झाले: नियम ४(१)(ई) खालची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती वाहतूक परवाना देते. ही दुरुस्ती ज्या लढ्यातून आली त्याचे मोठे श्रेय तुमच्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला काढला तेव्हा वनविभागाने परवाना दिला नाही, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू झाडांत मोडत होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र तो गौण वनोपज, म्हणजे लाकडात न मोडणारे वनउत्पादन आहे. एक केंद्रीय कायदा दुसऱ्या केंद्रीय कायद्याला अडवत होता आणि अडवणारे खाते राज्याचे होते. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली.

ग्रामसभेने परवाना पुस्तिका क्रमांक घालून छापावी आणि प्रत्येक पानाची स्थळप्रत ठेवावी. पानावर वनखंड क्रमांक, बांबूंची संख्या, गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि किती वाजेपर्यंत, एवढे असावे. पुस्तिकेचा आणि सही करणाऱ्याच्या नमुना सहीचा कागद ठरावासह उपवनसंरक्षक आणि जवळच्या तपासणी नाक्याला आधीच द्यावा. परवानगी मागायची म्हणून नव्हे. रात्री गाडी अडवली गेली तर वनपालाकडे पडताळायला कागद असावा म्हणून. ठराव करताना गणपूर्ती नीट लिहा: किमान निम्मी उपस्थिती आणि उपस्थितांत एक तृतीयांश महिला. नुसते अंगठे असलेला, आकडा न लिहिलेला ठराव पहिल्याच वादात टिकत नाही.

अंगणवाडीसाठी दिल्लीला जायची गरज नाही. एरवी वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राची पूर्वमंजुरी लागते. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, वीजवाहिनी, पाण्याची टाकी, रस्ता अशा १३ सोयींना या मंजुरीतून सूट आहे. जागा प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. दावा फेटाळला गेल्याची पत्रेही आली आहेत, त्यांच्यासाठी: ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे ६० दिवसांत जाता येते. जिल्हा समितीच्या पुढे पूर्वी फक्त न्यायालय होते. २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची सोय झाली.

मी स्कॉटलंडमध्ये, एडिनबर्गला राहतो. इथले सरकार आणि महाराष्ट्र सरकार यांत जास्त स्वायत्त कोण?

एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण दोन्हींची बांधणी उलट आहे. भारतात कोणत्याच सूचीत नसलेला विषय केंद्राचा. स्कॉटलंडमध्ये १९९८ च्या कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात लंडनने राखून ठेवलेले विषय लिहिले आहेत, बाकी सगळे स्कॉटलंडचे. पण वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटनच्या संसदेने, स्कॉटलंडसाठी कायदा करण्याचा अधिकार सोडलेला नाही; सहसा संमतीशिवाय तसे करायचे नाही हा संकेत न्यायालयात बजावून घेता येत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. महाराष्ट्राच्या राज्य सूचीला राज्यघटनेचे संरक्षण आहे.

रोजच्या व्यवहारात फरक तुम्हाला पगारपत्रकावर दिसेल. आयकराचे दर आणि टप्पे एडिनबर्गची संसद ठरवते, म्हणून तुमच्या कर-संकेताच्या आधी ‘एस’ असतो. करमुक्त मर्यादा लंडन ठरवते आणि वसुलीही ब्रिटनचेच महसूल खाते करते. बचतीवरचे व्याज आणि लाभांश यांना मात्र स्कॉटलंडचे दर लागत नाहीत. अपंगत्वाचा भत्ता स्कॉटलंडच्या यंत्रणेकडे मागायचा, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीचा भत्ता) ब्रिटनच्या खात्याकडे. दोन अर्ज एकाच पत्त्यावर पाठवले तर एक परत येणारच. लंडनहून स्कॉटलंडमध्ये घर बदलले तर महसूल खात्याला नवा पत्ता लगेच कळवा. नाहीतर जुन्या दराने कर कापला जातो आणि वर्षअखेरीस फरक भरावा लागतो.

रस्त्यावर खड्डे. ग्रामपंचायत म्हणते बांधकाम खाते, ते म्हणतात जिल्हा परिषद, जिल्हा परिषद म्हणते महामार्ग. तक्रार नेमकी कोणाकडे?
— अनेक पत्रे

रस्त्याचा वर्ग आधी काढा. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. दर्जा बदलला आणि दगड जुनाच राहिला असेही होते, म्हणून दगडावर विसंबून अर्ज करू नका, शोधाची सुरुवात तिथून करा.

गोंधळ सर्वात जास्त राष्ट्रीय महामार्गावर. मालकी केंद्राची, पण राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ५ खाली केंद्र हे काम राज्याकडे सोपवू शकते. त्यामुळे एक तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो, तर पुढचा राज्याच्याच बांधकाम विभागातल्या ‘राष्ट्रीय महामार्ग विभाग’ नावाच्या कार्यालयाकडे. प्राधिकरणाचा तुकडा असेल तर प्रकल्प संचालक, दुसरा असेल तर त्या विभागाचे कार्यकारी अभियंता. तातडीला १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहेच. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पाच वर्षे देखभाल ठेकेदारानेच करायची असते. काम पूर्ण झाल्याची तारीख फलकावर असते, तिचा फोटो तक्रारीला जोडा.

तरीही टोलवाटोलवी चालली तर माहिती अधिकारात तीन कागद मागा: त्या किलोमीटरचा रस्ता कोणत्या कार्यालयाकडे आहे याचे रस्ते-नोंदवहीतले पान, हस्तांतर झाले असल्यास त्याचा आदेश, आणि गेल्या तीन वर्षांत देखभालीवर कोणत्या लेखाशीर्षातून किती खर्च झाला. ‘रस्ता कोणाचा?’ असा प्रश्न लिहू नका. प्रश्नाला उत्तर टाळता येते, कागद मागितला की द्यावा किंवा नाही म्हणून लिहून द्यावे लागते. राज्याच्या कार्यालयाला अर्ज करताना एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) खाली त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर राज्याच्या कार्यालयाचा अर्ज मात्र टाकू नका. तो पुढे पाठवला जात नाही आणि शुल्कही परत मिळत नाही.